मालवणात चार दिवस, आणि परतीची वाट

आई-वडील सोबत, मालवणात चार दिवस मुक्काम, भाड्याची गाडी आणि शेवटच्या रात्री कुडाळहून मुंबईची कोकणकन्या एक्सप्रेस, असं तुम्ही लिहिलंय. विजयदुर्ग आणि गोवा यांना एकेक दिवस पुरेल का, हा प्रश्न. विजयदुर्गला पुरेल. गोवा मात्र मालवणातून जाऊन-येऊन करू नका, आई-वडिलांचा सगळा दिवस गाडीत जाईल. गोवा हवाच असेल तर परत मालवणला न येता पुढेच जा: वेंगुर्ला, शिरोडा, रेडीचा गणपती, मग तेरेखोलहून फेरीबोटीने केरी. कोकणकन्या मडगावहूनच सुटते, तिकीट तिथून काढा.

समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्याला पहिली सकाळ द्या, ऊन चढलं की तटावर सावली मिळत नाही. होडीत बसण्याआधी किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा बघा, १६६४ मध्ये पायाभरणीची पूजा तिथे झाली. गडावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी असताना या विहिरी गोड्या, हे वडिलांना नक्की दाखवा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेवढं तारखा ठरवताना बघा.

विजयदुर्गला आचरा, कुणकेश्वर, देवगड करत जा. किल्ल्यात जायला होडी लागत नाही, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना हा सोपा, पण आत चाल भरपूर आहे. अंधाराआधी परतायला निघा. तिसरा दिवस तारकर्ली-देवबागला, काही न ठरवता.

आता माझं खरं सांगणं, गोवा नसेल तर, चौथ्या दिवसाबद्दल. लोक दुपारपर्यंत लॉजवर बसतात आणि मग थेट स्टेशन गाठतात. कुडाळ तीसेक किलोमीटर, पण त्याच वाटेवर अख्खा दिवस आहे. सकाळीच सामान गाडीत टाका. चौके सोडलं की धामापूरचं तळं लागतं, १५३० च्या सुमारास गावकऱ्यांनी बांधलेलं, काठाला भगवतीचं देऊळ. आईला तिथे निवांत बसू द्या, घाई करू नका. नेरूरपारचा पूल ओलांडून थोडी वाकडी वाट केली की वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर. शेवटी पिंगुळी, ठाकर समाजाच्या चित्रकथीचं, म्हणजे चित्रं दाखवत कथा गाण्याच्या कलेचं गाव. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. त्यांच्या घरचं संग्रहालय आधी गुरांचा गोठा होता. आधी फोन करून गेलात तर खेळ दाखवतात. दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली, अशा पानांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. सांगणारा एकेक पान उभं धरतो, गातो, उलटतो, आणि त्याच पानामागून कथेतला पुढचा प्रसंग येतो. माझी आई पहिल्यांदा बघून परत परत तीच पानं उलटायला सांगत होती.

पिंगुळीहून कुडाळ स्टेशन अगदी जवळ. रात्रीचं जेवण गावातच उरका आणि गाडीची वेळ निघण्याआधी एकदा तपासा, पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं.