फोर्कलिफ्टचा अपघात, कन्नडमधली सही आणि भरपाईचा हक्क

प्रश्न : मी बेळगावजवळच्या मच्छे येथील एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत हेल्पर म्हणून काम करतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टचे (माल उचलून नेणाऱ्या गाडीचे) चाक पायावरून गेले आणि उजव्या पायाचा अंगठा मुळापासून काढावा लागला. माझे वय ३५, पगार १८,००० रुपये. पिवळ्या पट्ट्याच्या आत उभा होतास, म्हणजे चूक तुझीच, असे सुपरवायझर म्हणतात. कंत्राटदाराने ४०,००० रुपये देऊन एका कन्नड कागदावर सही घेतली. मला कन्नड वाचता येत नाही. आता आणखी काही मिळेल का? – एक वाचक, मच्छे

उत्तर : मिळेल, आणि त्या सहीमुळे आपला हक्क बुडालेला नाही. प्रथम पगाराच्या पावतीवर ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) ०.७५ टक्के कपात दिसते का, ते पाहावे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ही योजना लागू होते, आणि कारखाना योजनेत येत असूनही कंत्राटदाराने आपले नाव घातले नसेल, तर त्याच्या कसुरीचा भुर्दंड आपल्यावर पडत नाही. कामातल्या दुखापतीसाठी किती महिने वर्गणी भरली, हेही पाहिले जात नाही. उपचाराच्या काळात सरासरी रोजगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. पुढे वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती घटली ते ठरवते आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा पैसे मिळतात. अंगठा मुळापासून गेल्यास कायद्याच्या अनुसूचीत १४ टक्के हानी धरलेली आहे. आपल्या पगारावर ही रक्कम ढोबळमानाने महिना सव्वादोन हजारांच्या आसपास जाते.

ईएसआय लागू नसेल, तरच कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ याकडे वळावे, कारण दोन्हीकडून लाभ घेता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या असल्या, तरी आपला अपघात त्याआधीचा असल्याने हिशेब जुन्या कायद्याने होईल. पगार कितीही असला तरी हिशेबात जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जातात. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये. कायद्याच्या तक्त्यात ३५ वर्षे वयाचा गुणक १९७.०६, गुणाकार १७,७३,५४० रुपये आणि त्याचे १४ टक्के म्हणजे सुमारे २,४८,३०० रुपये. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च यापेक्षा वेगळा. चाळीस हजारांत प्रकरण मिटवणाऱ्याला हा हिशेब ठाऊक नसतो, असे मानण्याइतके भोळे राहू नये.

आता त्या कागदाविषयी. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार या कायद्यात निरर्थक ठरतो. एकरकमी तडजोड झाली असेल, तर तिचे ज्ञापन (लेखी टिपण) मालकाने कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे नोंदणीसाठी पाठवावे लागते. तसे पाठवलेले नसल्यास पूर्ण भरपाईची जबाबदारी कायम राहते आणि, आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही तर, दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक वळती करून घेता येत नाही. म्हणजे आपल्या बाबतीत फार तर २०,००० रुपये. दावा थेट कारखान्याच्या मालकावरही करता येतो, कारण काम त्याच्या आवारात आणि त्याच्या धंद्याचे होते. कंत्राटदाराकडून वसुली करणे हा नंतर त्यांच्यातला व्यवहार आहे.

'चूक तुझीच' या वाक्याला कायद्यात फारशी किंमत नाही. सुरक्षिततेचा स्पष्ट नियम आपण जाणूनबुजून मोडला, हे मालकाने सिद्ध केले, तरच या सबबीवर अशा दुखापतीत त्याची सुटका होते. कामाच्या घाईत पट्ट्याच्या आत पाऊल पडणे म्हणजे जाणूनबुजून नियम मोडणे नव्हे. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे आहे. महिनाभरात भरपाई न दिल्यास १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. रुग्णालयाचे केसपेपर, हजेरीची नोंद आणि सोबत काम करणाऱ्यांची नावे आजच गोळा करावीत. साक्षीदार हेल्पर हंगाम बदलला की गावी निघून जातात. औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी बेळगावच्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात अर्ज करावा आणि कन्नड कागदाचा मजकूर तिथेच समजून घ्यावा.

प्रश्न : मी होनग्याच्या एका फौंड्रीत फोर्कलिफ्ट चालवतो. वरच्या रॅकवरचा माल काढायला फोर्मन पॅलेटवर (माल ठेवायच्या फळीवर) माणूस उभा करून वर न्यायला सांगतात. शिवाय गाडी कलली तर उडी मारावी, असे जुने ऑपरेटर सांगतात. काय करावे? – एक ऑपरेटर

उत्तर : दोन्ही गोष्टींना नकार द्यावा. मोकळ्या पॅलेटवरचा माणूस एका हिसक्यासरशी खाली येतो आणि मास्टच्या (फोर्क वर-खाली नेणाऱ्या उभ्या खांबाच्या) साखळीत त्याचा हात सापडू शकतो. अशा कामाला कठड्याचा, मास्टला पक्का जखडलेला आणि त्यासाठीच बनवलेला पिंजरा तरी हवा, नाहीतर शिडी.

गाडी कलताना उडी मारणारा ऑपरेटर बहुधा गाडीच्या छपराखालीच चिरडला जातो. सीटबेल्ट लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि गाडी पडते त्याच्या उलट बाजूला झुकावे. मुळात गाडी कलते का, तर तिचा तोल तीनच बिंदूंवर असतो : पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मधला खिळा. गाडीच्या क्षमतेच्या पाटीवर लिहिलेले दोन टन हे मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या मुळापासून ठरावीक अंतरावर असतानाचे, बहुधा ५०० मिलिमीटरवर असतानाचे असतात. फौंड्रीत क्रेटमध्ये जड कास्टिंग बाहेरच्या टोकाला रचलेले असले की तोच क्रेट गाडीला पेलत नाही. फोर्क जमिनीपासून वीतभरच वर ठेवून, मास्ट मागे झुकवून चालवावे. उतारावर भार चढाच्या बाजूला असावा. आणि भारामुळे समोरचे दिसत नसेल तर मागे पाहत रिव्हर्समध्येच जावे. मागची चाके वळत असल्याने वळताना गाडीची शेपूट बाहेर फिरते, आणि वरच्या वाचकाप्रमाणे मागे-बाजूला उभ्या असलेल्या हेल्परला तिचाच फटका बसतो.

फोर्मनने तरीही दबाव आणला, तर नकार लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि कारखाने, बाष्पक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य विभागाकडे तक्रार करावी.