लातूरला परदेशातून नवा बॅगपाइप मागवायचा असेल तर तो लाकडाचा घ्यावा की प्लास्टिकचा?

आपण विचारले आहे की, प्रॅक्टिस चँटरवर (शिकण्यासाठीच्या, पिशवी नसलेल्या साध्या नळीवर) हात बसल्यानंतर आता स्कॉटलंडहून नवा हायलँड बॅगपाइप मागवायचा आहे, तर तो ब्लॅकवूड या लाकडाचा घ्यावा की प्लास्टिकचा, आणि कस्टममध्ये काही अडचण येईल का. मी परभणीत राहतो व परदेशातून आणलेला ब्लॅकवूडचा संच वाजवतो. तरीही मराठवाड्यातल्या माणसाने पहिला संच पॉलिपेन्को या टणक प्लास्टिकचाच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

याचे कारण आपली हवा. आफ्रिकन ब्लॅकवूड हे टांझानिया-मोझांबिककडचे अतिशय घट्ट लाकूड असून त्याचा नाद मला फार प्रिय आहे. परंतु वाजवताना नळीच्या आत श्वासाची ओल साचते आणि बाहेरून एप्रिल-मेची कोरडी हवा लागते, त्यामुळे आतली बाजू फुगते, बाहेरची आकसते आणि त्या ताणाने लाकडाला उभी चीर जाऊ शकते. माझ्या बास ड्रोनच्या, म्हणजे सतत एकच खर्ज सूर देणाऱ्या लांब नळीच्या, सांध्यावर गुंडाळलेला मेण लावलेला दोरा मे महिन्यात इतका सुकतो की, सकाळी घट्ट बसवलेला तुकडा दुपारी नुसत्या बोटांनी फिरतो. तेव्हा दोऱ्याचे वेढे वाढवावे लागतात आणि पावसाळा लागला की तेच उलगडावे लागतात, नाहीतर सांधा निघता निघत नाही. दोऱ्याची ही कटकट प्लास्टिकच्या संचालाही चुकत नाही, पण नळी चिरण्याची धास्ती मात्र राहत नाही.

लाकडाचाच आग्रह असेल, तर संच जुलै-ऑगस्टमध्ये हाती येईल अशा बेताने मागवावा, सुरुवातीचे काही आठवडे एका वेळी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नये आणि प्रत्येक वेळी नळ्या आतून कोरड्या पुसाव्यात.

नक्षी व चांदीकामापेक्षा पैसा चँटर (बोटांनी सूर काढायची नळी) आणि रीडवर (नाद उमटवणाऱ्या पत्तीवर) घालावा. चँटरची रीड सनईच्या पत्तीप्रमाणे दुहेरी असते व ती लवकर बिघडते. आपल्याकडे ती दुकानात सहज मिळत नाही, म्हणून कमी जोराची, फुंकायला हलकी अशी रीड निवडून तिच्या जादा प्रती त्याच ऑर्डरमध्ये मागवाव्यात. ड्रोनसाठी सिंथेटिक रीड पुरेशा आहेत.

आता कस्टमविषयी. ब्लॅकवूड ज्या डाल्बर्जिया वंशातले आहे, तो 2017 पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. मात्र नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळालेली आहे. तरीही बिलावर लाकडाचे शास्त्रीय नाव लिहून घ्यावे. शुल्क केवळ वाद्याच्या किमतीवर नव्हे, तर वाहतूक व विमा धरून येणाऱ्या रकमेवर लागते आणि त्यावर जीएसटी येतो, हे हिशेबात धरावे. जुन्या संचावर हस्तिदंत असू शकते, त्यामुळे तो मागवूच नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ब्रिटनमधील संकेतस्थळांवर टार्टनचे (स्कॉटिश चौकड्यांचे) कापड लावून विकले जाणारे कित्येक स्वस्त संच पाकिस्तानातील सियालकोटला बनतात. मे 2025 पासून पाकिस्तानी बनावटीचा कोणताही माल, तिसऱ्या देशामार्गे का असेना, भारतात आणण्यास बंदी आहे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी वाद्य कोणत्या देशात बनले, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, आणि तो टाळाटाळ करू लागला तर तो व्यवहार तिथेच सोडून द्यावा.