वाचकांचे प्रश्न : जस्त-82चं वस्तुमान कसं मोजलं?

प्रश्न : जस्त-82चं केंद्रक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून 82 कण) पाव सेकंदही टिकत नाही. तरी सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या आयसोलट्रॅप या उपकरणावर त्याचं वस्तुमान मोजलं आणि 2013 साली ते प्रसिद्धही झालं. असा कुठला तराजू असतो?

उत्तर : तराजू नाही, मोजतात ती वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती फेऱ्या. पेनिंग सापळ्यात चुंबकीय क्षेत्रामुळे आयन (विद्युतभारित अणू) गोल फिरतो आणि विद्युत क्षेत्र त्याला दोन्ही टोकांनी निसटू देत नाही. आयसोलट्रॅपच्या 5.9 टेस्लाच्या क्षेत्रात, एक इलेक्ट्रॉन गमावलेला जस्त-82 सेकंदाला सुमारे 11 लाख फेऱ्यांच्या हिशेबाने फिरतो. जड आयन सावकाश, हलका भरभर.

या फेऱ्या थेट मोजत नाहीत. ठरावीक वारंवारतेचं रेडिओ-क्षेत्र लावून आयन बाहेर सोडायचा आणि शोधकापर्यंत पोचायला त्याला किती मायक्रोसेकंद लागले ते टिपायचं. वारंवारता जुळली असेल तर आयनाच्या फिरण्यातली ऊर्जा वाढलेली असते. बाहेर पडताना चुंबकीय क्षेत्र विरळ होत जातं, तशी ही ऊर्जा पुढच्या वेगात उतरते आणि तो लवकर पोचतो. वारंवारता थोडी थोडी बदलत हे पुन्हा पुन्हा केलं की आलेखात खड्डा दिसतो. हवी असलेली वारंवारता त्याच्या तळाशी. क्षेत्र 1 सेकंद लावलं तर खड्डा साधारण 1 हर्ट्झ रुंद, 100 मिलिसेकंद लावलं तर 10 हर्ट्झ. अल्पायुषी केंद्रकांची खरी अडचण हीच : क्षेत्र जास्त वेळ लावता येत नाही.

प्रश्न : चूक कुठे होते?

उत्तर : बहुधा सोबत आलेल्या आयनांमुळे. रुबिडियमचं आयन सहज बनतं, त्यामुळे जस्त-82च्या झोतात रुबिडियम-82 घुसतं. दोघं एकाच वेळी सापळ्यात राहिले तर एकमेकांना ढकलतात आणि वारंवारता सरकते. म्हणून झोत आधी हेलियम वायूत थंड करतात, मग दोन विद्युत आरशांमध्ये शेकडो वेळा ये-जा करायला लावून जस्त वेगळं काढतात. शेवटच्या सापळ्यात एका वेळी मोजकेच आयन बरे.

शिवाय चुंबकीय क्षेत्र खोलीच्या तापमानानुसार आणि चुंबक थंड ठेवणाऱ्या द्रव हेलियमवरच्या दाबानुसार हलतं. त्यावर उपाय : आधी आणि नंतर, वस्तुमान अचूक माहीत असलेलं रुबिडियम-85 मोजायचं आणि मधल्या वेळेचं मूल्य काढायचं.

प्रश्न : गेलेल्या इलेक्ट्रॉनचा हिशेब?

उत्तर : धरायलाच हवा. ऊर्जेच्या एककात त्याचं वस्तुमान 511 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट भरतं आणि मोजमापाची अचूकता काही किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. रुबिडियमच्या अणुवस्तुमानातून इलेक्ट्रॉन वजा करा, रुबिडियमच्या वारंवारतेला जस्ताच्या वारंवारतेने भागून आलेल्या गुणोत्तराने गुणा, मग इलेक्ट्रॉन परत मिळवा. आयनीकरणाची ऊर्जा जेमतेम काही इलेक्ट्रॉनव्होल्ट; ती इथे सोडली तरी चालते.