जर्मनीला शिकायला निघालेल्या विद्यार्थिनीस

कोल्हापूर

चि. विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

हिवाळी सत्राची व्याख्याने तिकडे साधारण ऑक्टोबरच्या मध्यास सुरू होतात, तेव्हा निघण्याच्या गडबडीतच हे पत्र तुझ्या हाती पडेल. प्रवेश आणि व्हिसा यांविषयी तुला माझ्यापेक्षा अधिक माहिती आहे. मला लिहायचे आहे ते रोजच्या वागण्यातील फरकांविषयी, कारण तिथे शिकत असताना आपल्याकडची हुशार मुले अभ्यासापेक्षा माणसांविषयीच्या गैरसमजाने अधिक खचलेली मी पाहिली आहेत.

सर्वांत मोठा फरक आग्रहाचा. आपल्या कोल्हापुरात पाहुण्याने ‘पुरे’ म्हटल्यावरही त्याच्या वाटीत पांढरा रस्सा वाढला जातो. पहिल्यांदा नको म्हणणे ही पाहुण्याची आणि ते मनावर न घेणे ही यजमानाची रीत मानली जाते. तिकडे कोणी कॉफी विचारली आणि तू संकोचाने नको म्हणालीस, तर विषय तिथेच संपतो. यात तुटकपणा नसतो. तुझ्या शब्दाचा आपण मान राखला, अशीच विचारणाऱ्याची प्रामाणिक समजूत असते. म्हणून हवे असेल तर पहिल्याच विचारण्याला हो म्हण, आणि तुझ्याकडे कोणी जेवायला आले तर त्याचे ‘नको’ खरे मान. हेच मदतीच्या बाबतीत. आपल्या पेठेत चेहरा उतरलेला दिसला की शेजारची काकू आपणहून चौकशी करते. तिकडे न विचारता दुसऱ्याच्या अडचणीत शिरणे अगोचरपणाचे समजतात, मात्र स्पष्ट शब्दांत मदत मागितलीस तर तोच अबोल सहाध्यायी अर्धा दिवस मोडून तुझ्याबरोबर सरकारी कचेरीत येईल. आग्रह ही आपली श्रीमंती आहे असे मी आजही मानतो, परंतु परक्या मुलखात तिची वाट पाहत बसणाऱ्या मुलांच्या वाट्याला केवळ एकटेपणा येतो.

वर्गातही बोलणे असेच सरळ असते. प्राध्यापक तुझ्या निबंधातील उणीव चारचौघांत सांगतील आणि तास संपल्यावर तितक्याच सहजपणे निरोप घेतील. ती टीका लेखनावर असते, तुझ्यावर नव्हे. गुरूंसमोर गप्प राहणे हा आपल्याकडे आदर, पण तिथल्या सेमिनारमध्ये सतत गप्प राहणारा विद्यार्थी तयारी न करता आला आहे असे वाटू शकते. व्याख्यानानंतर टाळ्यांऐवजी बाकावर बोटांच्या पेरांनी ठोकतात, त्याने दचकू नकोस. वेळापत्रकात वेळेपुढे ‘सी. टी.’ अशी खूण असेल तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो. ही खूण नसेल तेव्हा मात्र वेळेपूर्वी जागेवर बस. परीक्षेत 1 हा सर्वोत्तम गुण आणि 5 म्हणजे नापास, हे घरच्यांना आधीच समजावून ठेव.

शांततेचे नियम तिथे मनापासून पाळले जातात. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत, तसेच रविवारी दिवसभर, शेजाऱ्यांना त्रास होईल असा आवाज करायचा नसतो. रविवारच्या विश्रांतीला तिथल्या राज्यघटनेचेच संरक्षण आहे, त्यामुळे बहुतेक दुकाने बंद असतात आणि दूध-भाजी शनिवारीच आणावी लागते. आपले मोकळे, चढ्या आवाजातले बोलणे मला प्रिय आहे, तरी वसतिगृहाच्या भिंतीपलीकडे कोणी झोपले आहे हे घरी फोन करताना ध्यानात असू दे. कोणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नकोस. तो अपशकुन समजतात.

आणखी एक. इथे ‘अमक्या तालमीजवळ’ एवढ्या पत्त्यावरही पत्र पोहोचते, कारण कोपऱ्यावरचा माणूस घर दाखवतो. तिथे इमारतीत खोल्यांना बहुधा क्रमांक नसतात आणि टपालवाला पेटीवरचे आडनाव पाहूनच पत्र टाकतो. खोली मिळताच पेटीवर आणि घंटीवर आपले आडनाव लाव, म्हणजे माझे पुढचे पत्र परत येणार नाही.

तुझा हितचिंतक