यीस्टचा फ्रूट केक फुगत नाही? यीस्ट बदलण्याआधी क्रम बदला

सगळं एकदम घालून मळलं, चार तास झाकून ठेवलं, तरी पीठ जेमतेम फुगलं आणि भाजल्यावर तळाला कच्ची पट्टी राहिली, असं तुम्ही लिहिलंय. यीस्ट दुधात फेसाळलं होतं ना? मग ते जिवंत होतं. बेकिंग पावडरच्या केकसारखं सगळं एकदम कालवायची सवय इथे नडते.

साखर यीस्टच्या पेशींतलं पाणी ओढून घेते. मैद्याच्या १० टक्क्यांपुढे साखर गेली की साधं यीस्ट रेंगाळायला लागतं. वर दालचिनी सढळ हाताने घातलीत, तीही त्याला मानवत नाही. म्हणून मी ५०० ग्रॅम मैद्यातला १५० ग्रॅम मैदा, २२० मिली कोमट दूध आणि ८ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट एवढंच आधी कालवून पाऊण तास ठेवते. छान बुडबुडे आले की उरलेला मैदा, ८० ग्रॅम साखर, २ अंडी, ८ ग्रॅम मीठ घालून मळायला घ्यायचं.

लोणी अजून नाही! पीठ ताणल्यावर न फाटता पातळ पडदा होऊ लागला की मगच १०० ग्रॅम मऊ लोणी, थोडं थोडं करत. आधीच घातलं तर ग्लूटेन, म्हणजे पिठाला ताण देणारी मैद्यातली जाळी, धरायला फार वेळ लागतो. लोणी पडलं की पीठ घसरतं, हाताला चिकटतं, सगळं बिघडलंसं वाटतं. पहिल्या खेपेला मी घाबरून दोन मुठी मैदा वाढवला होता आणि केकऐवजी टोस्ट खाल्ला. मळत राहा, येतं ते गोळ्यावर.

आता तुमची कच्ची पट्टी. २५० ग्रॅम बेदाणे, जर्दाळू, संत्र्याची साल रात्री भिजवलीत ते उत्तम, कारण कोरडी फळं पिठातलं पाणी पितात. पण निथळून कापडावर कोरडी केली नाहीत तर तेच पाणी पिठात उतरतं. फळं पहिल्या फुगवणीनंतर, म्हणजे मळून झाकून ठेवलेलं पीठ एकदा फुगलं की, हलक्या हाताने मिसळा. वर डोकावणारे बेदाणे आत ढकला, नाहीतर जळून कडू होतात.

लवकर फुगावं म्हणून गरम ओव्हनजवळ ठेवू नका, लोणी वितळून बाहेर येतं. २६-२७ अंश पुरे. घड्याळापेक्षा पिठाकडे बघा.

भाजायला दोन लोफ टिन (ब्रेडचे लांबट साचे), १७० अंश, ३५-४० मिनिटं. रंग आला की वर फॉइल. सुरी खुपसून बघण्यात अर्थ नाही, बेदाणा लागला तरी ती चिकट निघते. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९२-९३ अंश. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, गरम असताना नीट भाजलेलासुद्धा आतून कच्चाच वाटतो.