एअर पिस्तुलाची ग्रिप: कंपनीची ठेवावी की दुसरी बसवावी?

ऐरोलीच्या प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे की, १४ वर्षांच्या मुलीसाठी वापरलेले एअर पिस्तूल घेतले, त्याची ग्रिप, म्हणजे मूठ, तिच्या हाताला मोठी पडते, तर कंपनीचीच ग्रिप ठेवावी की बाहेरून नवी करून घ्यावी. सोबत त्यांनी असेही लिहिले आहे की, क्लबमध्ये त्यांना "मूळ ग्रिपला हात लावू नका, हात आपोआप बसतो" असे सांगण्यात आले. हे शेवटचे वाक्य नसते तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो. हात आपोआप बसत नाही. मी अडीच वर्षे वाट पाहिली आहे.

२०१२ मध्ये मी ठाण्यातल्या एका क्लबमध्ये जाऊ लागलो, तेव्हा चाळिशी जवळ आली होती आणि नवे पिस्तूल घेण्याइतके पैसे हाताशी नव्हते. म्हणून वापरलेले घेतले. आधीचे मालक सहा फूट उंचीचे असल्यामुळे त्यावर लार्ज मापाची ग्रिप होती, आणि माझा हात बँकेत नोटा मोजणाऱ्या कोणत्याही कारकुनाचा असतो तसाच, किंबहुना त्याहून लहान. ट्रिगरवर तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य यायला हवा, तिथे माझ्या बोटाचे टोक जेमतेम पोचत असे, आणि ते पोचवण्यासाठी मी नकळत पंजा फिरवून धरत असे. छर्रे डावीकडे जात. मी साइट, म्हणजे नळीवरची नेम धरण्याची खाच, उजवीकडे सरकवत राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी पंजा वेगळा फिरला की ते उजवीकडे जात.

क्लबमधल्या एका ज्येष्ठ सरांना मी हे तीन-चार वेळा सांगितले. त्यांचे उत्तर ठरलेले असे: "ग्रिप बदलून गुण वाढत नाहीत, सरावाने वाढतात. फॅक्टरीतले इंजिनिअर काय मूर्ख आहेत?" हा प्रश्न मी घरी वडिलांना ऐकवला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसत एवढेच विचारले, "मूर्ख नसतील, पण त्यांनी हात कोणाचा मोजला?"

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका फाउंड्रीत ३४ वर्षे पॅटर्नमेकर होते. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो की, ओतकामाच्या साच्यासाठी आधी लाकडाचा जो हुबेहूब नमुना करावा लागतो, तो हे लोक करतात; ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून त्यांची मोजपट्टीच तेवढी लांब आखलेली असते. वडिलांनी पहिल्या दिवशी माझा पंजा घरातल्या साध्या पट्टीने मोजला, पण लाकडावर आकार सवयीने त्या लांब पट्टीने आखला, आणि ग्रिपचा कच्चा आकार जवळजवळ एक मिलिमीटर मोठा निघाला. चूक दाखवल्यावर म्हणाले, "असू दे, पॉलिश पेपरला जागा राहिली."

लाकूड आमच्या जुन्या पलंगाच्या पायाचे, सागवान. सरांच्या मते ग्रिप अक्रोडाचीच हवी, आणि कंपन्या बहुधा अक्रोडच वापरतात हे खरे आहे. परंतु सागवान पावसाळ्यात फारसे फुगत नाही, आणि ठाण्यात जून ते सप्टेंबर पिस्तूल धरणाऱ्या माणसाला ही गोष्ट जर्मन कॅटलॉगपेक्षा अधिक कळते. बारा संध्याकाळी ते काम चालले. वडील माझ्या तळव्याला काजळ लावत, मी ग्रिप धरून नेम घेतल्यासारखा हात मिनिटभर लांब करत असे, आणि मग लाकडावर जिथे काळा डाग उठे तिथे ते फुटक्या काचेच्या धारेने केसाएवढे खरवडत. पुन्हा काजळ, पुन्हा नेम. शेवटच्या दिवशी डाग ठिपक्यांचे न राहता संपूर्ण तळव्याचा एकसारखा, फिकट ठसा उठला, आणि वडिलांनी काच वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली.

घोळ झाला तो माझ्यामुळे. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत जितू रायने ५० मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, त्या दिवसांत मी वडिलांना संगणकावर फ्री पिस्तुलांची, म्हणजे ५० मीटरच्या त्याच प्रकारातल्या पिस्तुलांची, छायाचित्रे दाखवली होती. फ्री पिस्तुलाची ग्रिप हाताला चारही बाजूंनी वेढू शकते. वडिलांना ती कल्पना अतिशय आवडली, आणि त्यांनी आमच्या ग्रिपचा पामशेल्फ, म्हणजे तळहाताची कड जिच्यावर टेकते ती खालची फळी, तळहाताच्या कडेला वर वळवून घेतला. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाला हे चालत नाही. पामशेल्फ वर वळलेला नको, ग्रिपशी त्याचा कोन ९० अंशांपेक्षा कमी नको, अंगठ्याला वर मोकळे हलता आले पाहिजे आणि ग्रिपने हाताला वेढा घालता कामा नये. नियमपुस्तक माझ्या कपाटात होते. मी ते उघडले नव्हते.

पुढच्या स्पर्धेत उपकरण-तपासणीच्या टेबलावर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत व्यवस्थित बसले, ट्रिगरने ५०० ग्रॅमचे वजन उचलले, आणि मग तपासनीसांनी ग्रिपच्या त्या वळणावरून बोट फिरवून मान हलवली. पत्नीने आग्रहाने पिशवीत टाकलेली जुनी लार्ज ग्रिप लावून मी साठ नेम मारले. ते किती वाईट गेले हे लिहीत नाही. क्लबमध्ये परतल्यावर सरांनी सर्वांसमोर विचारले, "सुताराने किती गुण दिले?" वडिलांनी त्याच रात्री पामशेल्फची कड पटाशीने सपाट केली, फक्त चार मिलिमीटर लाकूड गेले. त्या वर्षअखेरीस मी ६०० पैकी ५३१ वरून ५४८ वर गेलो. त्या वर्षी माझा सरावही वाढला होता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे, पण सरांसमोर मी ते कधी कबूल केले नाही.

ग्रिपला एवढे महत्त्व का, याचा हिशेब सोपा आहे. पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर ३२ सेंटिमीटर धरले, तर पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत अर्धा मिलिमीटर सरकल्यावर दहा मीटरवर छर्रा सुमारे साडेपंधरा मिलिमीटर दूर लागतो. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे, म्हणजे दहा सोडाच, नऊ मिळाले तरी नशीब. मनगट दर वेळी वेगळे बसत असेल, तर हा अर्धा मिलिमीटर कुठून येतो हे शोधायला सराव पुरत नाही.

आता तुमच्या मुलीविषयी. तिला डोळे मिटून पिस्तूल उचलायला सांगा, दोन श्वास थांबू द्या आणि मग डोळे उघडायला सांगा. पुढची साइट खाचेच्या मधोमध दिसली तर कोन ठीक आहे. दर वेळी एकाच बाजूला दिसली तर ग्रिपचा दोष आहे, आणि दर वेळी निराळ्या बाजूला दिसली तर मुलीला अजून धरायला शिकवायचे आहे, ग्रिपला दोष देऊ नका. मग ट्रिगरचे पाते स्क्रू सैल करून मागे सरकवून पाहा. बहुतेक स्पर्धा-पिस्तुलांत ते पुढे-मागे होते, आणि ग्रिपचा कोनही स्क्रूने बदलता येतो. क्लबमध्ये हे कोणी करून दाखवले नसेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

इतके करूनही बोट पोचले नाही, तर त्याच पिस्तुलासाठी कंपनीचीच स्मॉल मापाची ग्रिप शोधा. परदेशातून हाताच्या मापाने खास ग्रिप मागवू नका. मुलीचा हात अजून वाढतो आहे आणि ती ग्रिप वर्षा-दोन वर्षांत निरुपयोगी होईल. मोठी ग्रिप कापून लहान करण्याच्या फंदातही पडू नका, कारण काढलेले लाकूड परत लागत नाही. छोट्या ग्रिपवर कमी पडेल तिथे एम-सील भरता येते, नको झाल्यास कानशीने उतरवता येते; घासताना तोंडाला फडके बांधावे, ती धूळ वाईट. पामशेल्फ घट्ट आवळू नये. सामना सव्वा तासाचा असतो आणि तेवढ्यात हात थोडा फुगतो.

हे सर्व दहा मीटरच्या एअर पिस्तुलाबद्दल आहे. परवान्याच्या शस्त्राला हे उपाय घरी करू नयेत, त्यासाठी शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या माणसाकडेच जावे. आणि सर एका बाबतीत बरोबर होते, की मूळ ग्रिप फेकू नये. पिस्तूल विकताना गिऱ्हाईक तीच मागते.

वडील आता ८१ वर्षांचे आहेत आणि त्यांचा हात थरथरतो, तरी मोजायला त्यांना आवडते. मुलीचा पंजा कागदावर टेकवून, बोटे किंचित पसरून, पेन्सिलीने रेघ ओढा आणि रविवारी नौपाड्यात घेऊन या. पट्टी मात्र तुमच्याच घरची आणा.