कोथरूडच्या एजंटने कोकणात किनाऱ्याला लागून रिसॉर्टसाठी जागा दाखवली आहे, पण गावाचा विरोध आहे. का असेल?

विरोध पर्यटकांना नसतो हो. वेळासला कासवं बघायला जाणाऱ्या पुणेकरांना गावकरीच घरात उतरवून घेतात, जेवू घालतात. खरं भांडण पाण्याचं. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा साठा उथळ. रिसॉर्टची बोअर दिवसभर उपसली की शेजारच्या विहिरी मचूळ व्हायला लागतात. कुंपण पडलं की रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांची वाट बंद. रात्रीच्या दिव्यांनी कासवांची पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे वळतात, ते वेगळंच.

शिवाय २०१९च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर ‘ना विकास क्षेत्र’ आहे. एजंट हे स्वतःहून कशाला सांगेल? सातबाऱ्यासोबत सीआरझेडचा नकाशाही मागा.